मुंगीला पंख फुटतात तेव्हा

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेलं भाषण)



व्याख्यानमालेत काल गडकिल्ले झाले, उद्या मधुमेह आणि आहार आहे. या दोन मोठ्या विषयांच्या मध्ये आमची मुंगी सापडली आहे, तेव्हा तिला जरा सांभाळून घ्या. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, "राणी मुंगी दिसण्यावरून कशी ओळखावी." त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा लिहून घेतलं. त्यांचे आभार.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगतो. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातली पाच मुलं. सगळ्यात मोठा नववीत, सगळ्यात धाकटी तिसरीत. आणि सहावा हा आत्ता माइकसमोर उभा असलेला, राज्य सरकारच्या रस्ते-इमारत खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर. जे सांगणार आहोत त्यातलं काहीच एकट्यादुकट्यानं केलेलं नाही. चुकाही सगळ्यांनी मिळून केल्या. म्हणून भाषणभर 'आम्ही' असंच म्हणणार.

सुरुवात तीन वर्षांपूर्वी झाली. जूनचा शेवटचा आठवडा, बडोद्यात पहिला चांगला पाऊस पडून गेलेला. संध्याकाळी ओट्यावरच्या दिव्याभोवती पंखांचे किडे जमले. त्यात काही मोठे, काळे, ठसठशीत. आजी देवापुढे दिवा लावून बाहेर आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "मुंगीला पंख फुटले की समजावं, तिचं मरण जवळ आलं."

आपण सगळ्यांनी ही म्हण ऐकलेली आहे. माणूस उतला-मातला की त्याला उद्देशून आपण ती वापरतोही. पण आमच्या धाकटीनं विचारलं, "आजी, पंख फुटलेल्या सगळ्या मरतात, मग नवीन वारूळ कोण करतं?"

आजींना उत्तर देता आलं नाही, आम्हालाही नाही. पुढची तीन वर्षं त्या प्रश्नामागे गेली.

आज जे कळलं आहे ते थोडक्यात असं. वारुळात वर्षभर दिसतात त्या कामकरी मुंग्या. त्या सगळ्या माद्याच, पण बिनपंखी. वर्षातल्या ठरावीक दिवसांत वारुळातून पंखवाले नर आणि पंखवाल्या तरुण राण्या बाहेर पडतात. आपल्याकडे पुष्कळ जाती यासाठी पहिल्या पावसाची वाट पाहतात, कारण तेव्हा हवा दमट असते आणि जमीन उकरण्याइतकी मऊ झालेली असते. एका परिसरातली बरीच वारुळं एकाच वेळी उडतात, त्यामुळे वेगवेगळ्या घरच्या नर-मादीची गाठ पडते. मिलनानंतर नर लवकरच मरतो. राणी जमिनीवर उतरते, आपलेच पंख मोडून टाकते आणि बीळ शोधते. या एका उड्डाणात साठवलेलं बीज तिला जन्मभर पुरतं, आणि हा जन्म लहान नसतो. युरोपात बागेत सर्वत्र दिसणाऱ्या लासियस नायजर या काळ्या मुंगीची एक राणी पाळलेल्या स्थितीत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

म्हणजे आजींची म्हण नराला शंभर टक्के लागू. राण्यांपैकीही बहुतेकींना लागू, कारण पाली, बेडूक, पक्षी, कोळी आणि दुसऱ्या मुंग्या त्या रात्री मेजवानीलाच बसलेल्या असतात. पण एखादी वाचते. नवीन वारूळ ती करते.

ती एखादी आपल्याला सापडली तर ओळखायची कशी? आमच्या चुकांच्या क्रमानंच सांगतो.

पहिल्या संध्याकाळी आम्ही डबीत अकरा 'राण्या' पकडल्या. सकाळी भिंगाखाली पाहिलं तर नऊ वाळव्या निघाल्या! इथले गुजराती शेजारी आणि आपणही जिला उधई म्हणतो, तीच. तेव्हा पहिला प्रश्न हाच, मुंगी की वाळवी? कंबर बघा. मुंगीची कंबर दोरीनं आवळल्यासारखी बारीक असते, वाळवीला कंबरच नसते, छाती आणि पोट सलग. मग मिशा बघा. मुंगीची मिशी कोपरात वाकवलेल्या हातासारखी असते, वाळवीची सरळ, मण्यांच्या माळेसारखी. पंख असतील तर मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, वाळवीचे चारही सारख्या लांबीचे. पंख झडल्यावर दोन किडे एकामागे एक, शेपटाला डोकं लावून चाललेले दिसले, तर ती बहुधा वाळवीची जोडी. वाळवीचा राजा राणीबरोबर संसार करतो, मुंगीचा नर करत नाही.

उरलेल्या दोनांपैकी एक नर होता. नराचं डोकं शरीराच्या मानानं लहान, जबडे नावाला, डोळे मोठे, आणि मिशीचं कोपर असून नसल्यासारखं. राणीचं डोकं भक्कम आणि जबडे कामाचे. बीळ तिला खणायचं असतं, नराला नाही.

अकरावा किडा राणी वाटला, पण तोही नव्हता. तो होता आपला डोंगळा. मुलं शाळेत त्याला मंकोडो म्हणतात. ही कॅम्पोनोटस वंशातली मुंगी. हिच्या वारुळात कामकऱ्यांचेच लहान-मोठे आकार असतात आणि मोठ्या कामकरीचं डोकं एवढं थोरलं असतं की पाहणारा तिलाच राणी समजतो. नवशिक्याची सगळ्यात सामान्य चूक हीच. म्हणून नियम पक्का केला, डोक्याकडे आणि नुसत्या आकाराकडे बघायचं नाही, पाठ बघायची. कामकरी डोंगळ्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत एकसंध, गुळगुळीत कमानीसारखी असते. राणीची पाठ वर फुगलेली आणि वेगवेगळ्या पट्ट्या जोडून केलेली दिसते, सांधे स्पष्ट. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचं तर एक सलग स्लॅब आणि दुसरा सांधे सोडलेला पूल. राणीच्या त्या फुगीर भागात उडण्याचे स्नायू भरलेले असतात. कामकरी कधीच उडणार नसते, म्हणून तिला तेवढ्या जागेची गरज नसते.

पंख मोडलेली राणी असेल तर त्याच पाठीच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या छोट्या खुणा दिसतात. भिंग दहापट असेल तर कपाळावर त्रिकोणात मांडलेले तीन बारीक ठिपके दिसतील. ते साधे डोळे. डोंगळ्याच्या राणीला ते असतात, कामकरीला नसतात. पोटही राणीचं भरीव, कारण अंडाशय तिथं असतं.

एक सावधगिरी. पंख तुटले म्हणजे मिलन झालंच असं नाही. न झालेल्या राण्याही कधीकधी पंख टाकतात, आणि झालेलीही काही वेळ पंख बाळगून फिरते. राणी आहे एवढं पाहून कळतं, तिचं पुढं काय होणार ते अंडी आणि अळ्याच सांगतात.

आता आमची पहिली खरी राणी. त्याच पावसाळ्यात आठ दिवसांनी, ओट्याच्या फटीपाशी सापडली. डोंगळ्याची. काळी, दीड सेंटिमीटरहून लांब, पाठीवर पंखांच्या खुणा. काचेच्या नळीत तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाला कापूस, असं घर करून दिलं. इथपर्यंत बरोबर. पुढे आम्ही सहाच्या सहा जण दिवसातून पाच-सहा वेळा नळी उचलून उजेडात धरायचो. कुणी साखर घालायचं, कुणी पोळीचा तुकडा. तिनं अंडी घातली आणि दोन दिवसांनी ती दिसेनाशी झाली. तिनंच ती खाल्ली होती. घाबरलेली, पुन्हापुन्हा हलवलेली राणी तसं करते. महिन्याभरात ती गेली.

मग वाचलं आणि कळलं की डोंगळ्याची राणी स्वतःला बिळात कोंडून घेते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येईपर्यंत ती काहीही खात नाही. अंगातली चरबी आणि आता नको झालेले उडण्याचे स्नायू जिरवून तीच शिदोरी ती अळ्यांना भरवते. तिला हवा असतो अंधार आणि एकांत. मोठ्यानं वहीत लाल शाईनं लिहिलं, "राणीला खायला घालू नये. नळी उघडू नये."

दुसऱ्या वर्षी पुन्हा राणी सापडली. ही दिवसाउजेडी तुळशीच्या कुंडीत हिंडत होती. काळी, सडपातळ, सेंटिमीटरभर. पाठीवर सांधे होते, पंखांच्या खुणा होत्या. राणी नक्की. आम्ही वही उघडली, लाल शाईतली ओळ वाचली, नळी बंद करून कपाटात रजयांच्या मागे ठेवली आणि आपल्या संयमाचं एकमेकांना कौतुक करत बसलो. एकोणिसाव्या दिवशी पाहिलं तर ती पाण्याच्या बोळ्याला टेकून मेलेली होती. अंडी एकही नव्हती.

धाकटी म्हणाली, "आपण तिला उपाशी मारलं."

कुणी तिची समजूत घालायला गेलं नाही, कारण ते खरं होतं. सगळ्याच राण्या स्वतःला कोंडून घेत नाहीत. मुंग्यांच्या पोनेरिनी नावाच्या गटात अनेक जातींच्या राण्या बीळ केल्यावरही शिकारीला बाहेर पडतात, खाऊन येतात आणि मगच अळ्या वाढवतात. आमची राणी दिवसा कुंडीत हिंडत होती ती हरवली म्हणून नव्हे, तर पोटासाठी. आणि आम्ही तिला कोंडलं.

मग धाकटीनं विचारलं, "बाबा, तिला बघून हे कळलं नसतं का?"

या प्रश्नानं आम्हाला पुन्हा पुस्तकांकडे नेलं. मोठ्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी वाट दाखवली. उत्तर असं की कळलं असतं, पुष्कळसं कळलं असतं. २०१४ साली रॉबर्टो केलर, ख्रिश्चन पीटर्स आणि पॅट्रिसिया बेल्डाडे या तीन संशोधकांनी 'ई-लाइफ' या नियतकालिकात मुंग्यांच्या छातीच्या रचनेवर लेख लिहिला. त्यातला आपल्या कामाचा भाग सोपा करून सांगतो. मुंगीच्या छातीचा अगदी पुढचा, मानेलगतचा भाग मानेच्या स्नायूंचा असतो. डोकं आणि जबडे वापरून ओझं उचलायचं, शिकार ओढायची तर हा भाग मोठा हवा. म्हणून कामकरी मुंग्यांत तो मोठा असतो. त्याच्यामागचा भाग उडण्याच्या स्नायूंचा. तो राण्यांत मोठा. राण्यांमध्ये पुन्हा दोन तऱ्हा. जी कोंडून घेणार, तिच्यात उडण्याचा भाग भरपूर आणि मानेचा भाग अगदी आक्रसलेला. जी स्वतः शिकार करणार, तिच्यात मानेचा भागही चांगला रुंद, कामकरीच्या वळणाचा.

भिंग घेऊन वरून पाहायचं. डोक्यामागची पहिली पट्टी रुंद, ठळक दिसत असेल तर ही बाई बाहेर जाऊन खाणारी. ती पट्टी फुगलेल्या पाठीखाली दबून गेल्यासारखी दिसत असेल तर ही दार लावून बसणारी.

मेलेली राणी आम्ही टाकली नव्हती, काड्यापेटीत कापसावर ठेवली होती. ती काढून भिंगाखाली धरली. पहिली पट्टी रुंद होती. सगळ्यांनी एकेकदा पाहिलं. ती खूण पहिल्या दिवसापासून आमच्या डोळ्यांसमोर होती आणि आम्ही वही वाचत बसलो होतो.

म्हणून आता आम्ही राणी सापडली की आधी कंबरही नीट पाहतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये गाठी किती? दोन गाठी असतील तर बहुधा मिरमिसिनी हा मोठा गट. आपल्या घरातल्या बारीक लाल मुंग्या त्यातल्याच. एकच गाठ, ती पातळ खवल्यासारखी, आणि पोट सलग गोल असेल तर डोंगळ्याचा गट. त्यांना नांगी नसते. पोटाच्या टोकाला केसांनी वेढलेलं बारीक भोक असतं, त्यातून त्या आम्ल फवारतात. एकच गाठ पण जाड, पोटावर पहिल्या भागानंतर बहुधा किंचित आवळ, आणि टोकाला नांगी, असं असेल तर पोनेरिनीचा संशय धरावा आणि हात सांभाळावा. रंगावर फार विसंबू नये. एक गंमत मात्र सांगतो. गोव्या-कोकणात आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांची राणी चक्क हिरवट असते. कामकरी पाहून तिचा रंग कुणी ओळखणार नाही.

आणि कधीकधी राणी शोधून सापडतच नाही, कारण ती नसतेच. डायाकामा वंशाच्या मुंग्या भारतात आहेत. त्यांच्यात राणी हा वेगळा आकारच उरलेला नाही. सगळ्या दिसायला कामकरीच, त्यातली एक अंडी घालते. तिच्या छातीवर दोन बारीक अवयव शाबूत असतात, बाकीच्यांचे ते कुरतडून टाकलेले असतात.

एवढं पाहूनही राणीवरून आपण गट सांगू शकतो, फार तर वंश. नेमकी जात सांगण्याची घाई करू नये, कारण जाती ओळखण्याच्या बहुतेक कसोट्या कामकरी मुंग्यांवरून बांधलेल्या आहेत. वंश कळला तरी काम भागतं. तिला अंधार द्यायचा की अन्न, एवढं ठरवता आलं पाहिजे.

सरकारी नोकरानं मुंग्यांत वेळ घालवावा का, असंही आम्हाला ऐकवलं गेलं आहे. त्यावर एक उत्तर तयार ठेवलंय. मुंबई इलाख्यात वनखात्यात नोकरी केलेले रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'अवर अँट्स' नावाची लेखमाला लिहिली. बिंगहॅम यांनी १९०३ साली ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेही लष्करात आणि मग ब्रह्मदेशाच्या वनखात्यात होते. ही परंपरा आमच्या आधीची आहे.

आता यंदाचं. जूनमध्ये ओट्याच्या त्याच फटीपाशी राणी सापडली. या वेळी कुणी "राणी!" म्हणून ओरडलं नाही. काचेच्या डबीत ठेवून यादी वाचली. कंबर बारीक. मिशी कोपरातली. डोकं भक्कम. पाठ फुगीर, सांध्यांची. पंखांच्या खुणा. कपाळावर तीन ठिपके. गाठ एक, खवल्यासारखी. शेवटची खूण धाकटीनं पाहिली. तिनं बराच वेळ भिंग डोळ्याला लावून ठेवलं आणि म्हणाली, "पहिली पट्टी दबलेली आहे. ही जेवणार नाही."

नळी, पाणी, कापूस, कपाट, रजया. रविवारी एकदा, भिंगावर लाल कागद लावून, मिनिटभर बघायचं. मुंग्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. पहिल्या रविवारी अंडी दिसली. मग अळ्या, मग फिकट बदामी कोश. श्रावणात एका रविवारी कोशांशेजारी एक इवलीशी फिकट मुंगी उभी होती. पहिल्या कामकरी नेहमीच लहान असतात, कारण उपाशी आईनं त्यांना अंगातलं काढून वाढवलेलं असतं. आज त्या सहा आहेत. आता मात्र मधाचा थेंब आणि मेलेल्या डासाचा तुकडा द्यावा लागतो. ते लहानग्या बाहेर येऊन नेतात आणि आईला भरवतात.

ती नळी मंचाच्या डाव्या बाजूला टेबलावर काळ्या कापडाखाली आहे. कार्यक्रमानंतर एकेकानं बघा, कृपया हलवू नका आणि मोबाईलचा उजेड मारू नका. बाळगोपाळांना एवढंच सांगणं आहे की पुढच्या पावसात राणी सापडली तर आधी डबीत ठेवून नीट बघा, आणि मग बहुतेक वेळा सोडून द्या. सांभाळायचीच असेल तर एकच ठेवा, आणि जिथून आणली तिथंच परत सोडा, दुसऱ्या गावी नाही.

आम्हीही तेच करणार आहोत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओट्याच्या त्याच फटीपाशी. पाचांपैकी चौघांची संमती आहे. धाकटीची अजून नाही. तिचं म्हणणं, बाहेर गेल्यावर तिला पाल खाईल. खाऊही शकते. त्यावर आमच्याकडे चांगलं उत्तर नाही, तेव्हा ती हो म्हणेपर्यंत थांबायचं ठरलं आहे.

आजी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आजी, म्हण चुकीची नव्हती. फक्त सगळ्यांची नव्हती.

गणपती बाप्पा मोरया!

ता. क. हे भाषण स्मरणिकेला देताना एवढं जोडतो. धाकटी दसऱ्याला हो म्हणाली. तिनंच नळीचा कापूस काढला. राणी अर्धा तास बाहेर आली नाही, मग लहानग्यांच्या मागोमाग फटीत गेली. यंदाच्या जूनपासून त्या फटीतून डोंगळ्यांची रांग तुळशीपर्यंत जाते. त्या तिच्याच का, हे दिसण्यावरून सांगता येत नाही. आजी मात्र रोज सकाळी रांगोळीनंतर तिथं चिमूटभर साखर ठेवतात.